वेडे रोप आणि आमचे द्राक्षमळे

बुरशी म्हटली की द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळा उठतो. भुरी-करप्याने हातचे पीक गेलेले ज्यांनी पाहिले, त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु इंदिरानगरात राहून निफाड-दिंडोरीकडील मळे सांभाळणाऱ्या सभासदांस आमचा एक प्रश्न आहे. गोडी छाटणीनंतर घड लांबविण्यास व मणी फुगविण्यास जी ‘जी. ए.’ची भुकटी आपण वापरता, ती येते कोठून? ती एका बुरशीचीच करणी होय.

ही बुरशी भाताच्या रोपाच्या अंगात वास करते. जपानात अशी रोपे भलतीच उंच वाढून बहुधा वाळत किंवा पोचट राहत. तेथील शेतकरी त्यांस ‘वेडे रोप’ म्हणत. १९२६ साली कुरोसावा ह्यांनी तैवानात असे दाखविले की, बुरशी वाढविलेले पाणी गाळून, बुरशी काढून टाकून दिले तरी रोप तसेच वाढते. १९३५ साली याबुता ह्यांनी त्या पाण्यातील द्रव्यास जिबरेलिन हे नाव दिले.

हे गुंतागुंतीचे द्रव्य घडविणारी सात जनुके बुरशीच्या एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी वसली आहेत, असे पुढे आढळले. तांबट आळीत ठोकणारा, घडविणारा व कल्हई करणारा जवळजवळ असावेत, तशीच ही रचना. झाडेही जिबरेलिन करतात, परंतु त्यांची जनुके विखुरलेली व रीतही निराळी. तेव्हा ही विद्या बुरशीने झाडाकडून उसनी न घेता स्वतंत्रपणे मिळविली, असे तज्ज्ञ मानतात. नत्र मुबलक असेतो ही जनुके स्वस्थ असतात. नत्र सरू लागला की कामास लागतात. कारखान्यांतील टाक्यांतून बुरशीकडून हेच काम करून घेतले जाते.

ज्या रोगट रोपास लोकांनी वेडे ठरविले, त्याची कोणी चौकशी केली म्हणूनच हे द्रव्य आपल्या हाती आले. म्हणून आमची सूचना अशी की, शिवारात काही विलक्षण रोप दिसल्यास ते निमूटपणे बांधावर फेकू नये. रोगट असल्यास मुळासकट, आणि रोगाच्या वाफ्यात एकटेच निरोगी राहिले असल्यास त्याची फांदी, जागा व तारीख लिहून कृषि विज्ञान केंद्रास दाखवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही धरलेले आहेत. तेव्हा गावच्या जैवविविधता नोंदवहीतही त्याची नोंद करवावी.

फवारणी सोडा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु झाडाच्या पोटात राहणारी प्रत्येक बुरशी वैरीच, हा समज मात्र आता सोडला पाहिजे.