वायरींची जुडी नको!

माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करा. विषयही कानाचाच आहे!

दिवाळीच्या सुट्टीत घरी हॉलची मांडणी बदलली. आईला वायरी दिसायला नको होत्या. म्हणून रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर, मेन्स, सगळ्यांची एकच जुडी बांधून मी ती शोकेसमागे ढकलली. एकदम झक्कास! आजोबांनी रेकॉर्ड लावली, तर गाण्यामागे एकसारखं ‘हंऽऽऽ’. दोन दिवसांनी त्यांनी प्लेअरवर कापड टाकलं. म्हणाले, "राहू दे रे, माझेच कान गेले असतील." इंजिनिअर नातवाला याहून मोठी के.टी. ती कोणती?

कारण तर परीक्षेसाठी घोकलेलंच होतं. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम 5 मिलिव्होल्टचा आणि त्याला चिकटून 230 व्होल्टची वायर. तिचे 50 हर्ट्‌झ सिग्नलमध्ये शिरतात आणि अ‍ॅम्प्लिफायर बिचारा गाण्यासोबत त्यांनाही मोठं करतो. त्याला काय कळतंय!

म्हणून माझं स्पष्ट मत : वायरी लपवण्याआधी वेगळ्या करा. सिग्नलची एका बाजूने, मेन्सची दुसऱ्या. एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. स्पीकरची वायर बिनधास्त लांबवा, फक्त जाड घ्या, 1.5 चौरस मिमीची घरात पुरते. आणि प्लेअरची ती बारीक अर्थिंगची वायर सुटली असेल, तर बाकी कितीही हलवाहलव करा, ‘हं’ जात नाही.

आता आमच्या भिंतीवर एक वायर उघडी दिसते. आई अजून कुरकुरते. आजोबांनी कापड काढलंय.