नाव एकाचं, सावली दुसऱ्याची

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या आठ निवृत्त शिक्षकांचा सत्कार झाला. पडद्यावर एकेकाचं नाव झळकत होतं. या नावाच्या पट्ट्या माझ्या नातीने आफ्टर इफेक्ट्समध्ये केल्या होत्या. पहिलं नाव हेडसरांचं, झकास आलं. दुसरं नाव ३४ वर्षं गणित शिकवलेल्या एका बाईंचं. पण त्या नावामागे सावली मात्र हेडसरांच्या नावाची! पुढच्या सहाही नावांचं तेच. मुलं खो खो हसली. बाई चहाच्या वेळी मला एवढंच म्हणाल्या, "निवृत्त झाले तरी हेडसरांची सावली काही सुटली नाही हो." हसून म्हणाल्या, पण मला ते लागलं.

नात रडकुंडीला आली होती. "आजोबा, सॉफ्टवेअरने घोळ केला." मी म्हटलं, दाखव बघू.

तिने पहिली पट्टी, म्हणजे एक कॉम्पोझिशन, नीट बांधली होती. त्यात नावाचा एक लेयर आणि सावलीचा दुसरा. नाव बदललं की सावली आपोआप बदलावी म्हणून सावलीच्या लेयरला एक्स्प्रेशन लिहिलं होतं. (ही सोय २००१ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून आहे.) त्याचा अर्थ असा : 'पट्टी १' या कॉम्पमधल्या 'नाव' लेयरचा मजकूर घे. मग त्या कॉम्पच्या सात प्रती काढून नावं बदलली. प्रतींतली एक्स्प्रेशनं मात्र इमानदारीत 'पट्टी १' कडेच बघत राहिली. तिथे 'धिसकॉम्प', म्हणजे 'याच कॉम्पमधला', असं लिहिलं असतं तर प्रत्येक प्रतीने आपल्याच घरात पाहिलं असतं.

माझं स्पष्ट मत असं, की हा सॉफ्टवेअरचा घोळ नाही, व्याकरणाचा आहे. सर्वनामाच्या जागी विशेषनाम पडलं! 'याच वर्गाच्या मॉनिटरने वह्या गोळा कराव्यात' ही सूचना सगळ्या वर्गांत लावता येते. 'सातवी अ च्या मॉनिटरने' असं लिहून प्रती वाटल्या, तर तो बिचारा शाळाभर वह्या गोळा करत हिंडेल.

म्हणून सगळीकडे 'धिसकॉम्प' ठोकून द्यावं का? तेही नाही. आठही पट्ट्यांचा रंग एकच हवा असेल, तर तो एका ठरावीक कॉम्पमध्ये ठेवून सगळ्यांनी त्याच्याकडे नावानिशी बघणंच बरं. एका जागी बदल केला की आठही ठिकाणी होतो. शाळेची घंटा एकच असते, मॉनिटर वर्गागणिक वेगळा!

आणखी एक खोच आहे. कॉम्पच्या पोटात दुसरा कॉम्प असेल, तर बाहेरच्याची प्रत काढली तरी आतला एकच राहतो, दोघांत सामाईक. शिवाय आत लिहिलेला 'धिसकॉम्प' आतल्यापुरताच, बाहेरचं त्याला दिसत नाही. तिथे प्रत्येक वापराला वेगळी किंमत देण्याची सोय २०१८ साली मास्टर प्रॉपर्टीज या नावाने आली. आता तिला इसेन्शियल प्रॉपर्टीज म्हणतात.

सोयी कितीही आल्या तरी प्रत काढण्याआधी एक प्रश्न माणसालाच सोडवावा लागतो : यातलं ज्याचं त्याचं काय आणि सगळ्यांचं मिळून काय? हल्लीची मुलं कुठून तरी तयार ओळ उचलतात, चिकटवतात, चाललं की पुढे. ती ओळ एकदा आपल्या भाषेत मोठ्याने वाचायला काय हरकत आहे? वाचली असती तर 'पट्टी १' हे शब्द नातीच्या कानाला खटकलेच असते.

तिने आठही पट्ट्या दुरुस्त केल्या. बाईंची पट्टी घेऊन मात्र स्वतः त्यांच्या घरी गेली. मी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं.