सूर्याचं जर्नल

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'आज रात्री भयंकर सौरवादळ! मोबाइल उशाशी ठेवू नका!!' आमच्या विंगमधल्या निम्म्या मुलींनी खरंच मोबाइल बंद करून टाकले. (त्यांची जर्नल्स पूर्ण झाली, हा फायदा वेगळा.)

मी मात्र शोधत बसले. तेव्हा कळलं की हवामानाच्या बातम्यांसारखा सूर्याचाही अंदाज रोज दिला जातो. अमेरिकेत बोल्डरला त्याचं मोठं केंद्र आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती अस्वस्थ आहे, ते दर तीन तासांनी ० ते ९ अशा केपी आकड्यात सांगतात. १० मे २०२४ ला तो ९ वर गेला आणि लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल दिसलं. मोबाइलचं मात्र याने काही वाकडं होत नाही. धोका असतो लांबलचक वीजवाहिन्यांना आणि उपग्रहांना. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्युबेकमध्ये लाखो लोकांची वीज सुमारे नऊ तास गेली होती.

पण मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य एल-१ उडालं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात. पण आपल्या अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, हे किती जणांना माहीत आहे? मी तीनदा पिकनिकला गेलेय, किल्ला पाहिलाय, भजी खाल्लीत. वेधशाळेचं नावही ऐकलं नव्हतं! आधी ती कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने रीडिंग्ज बिघडणार, म्हणून नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पुढची दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. का, तर जुने आणि नवे आकडे जुळावेत!

आणि योगायोग बघा. २ सप्टेंबर १८५९ ला, म्हणजे त्याच तारखेला, कुलाब्यात चुंबकाचं रीडिंग अचानक कोसळलं. हॉरिझॉन्टल कंपोनंट सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. कुणीतरी माणूस ते डोळ्यांनी बघून हाताने लिहीत होता. तो 'इन्स्ट्रुमेंट बिघडलंय' म्हणून थांबला नाही, की कालचा आकडा उतरवून मोकळा झाला नाही. वादळ जास्तीत जास्त किती वाईट असू शकतं याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ आजही त्या नोंदींकडे जातात.

आता माझी गोष्ट. फर्स्ट इयरला फिजिक्स लॅबमध्ये हाच हॉरिझॉन्टल कंपोनंट मोजायचा होता. मी सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवली आणि दशांशानंतरचे आकडे थोडे बदलले. दहापैकी नऊ मार्क मिळाले. आपण सगळेच असं करतो, आणि सरांनाही ते माहीत असतं, असं मला वाटतं. कंटाळवाणं रोजचं काम आपल्याला इंजिनिअरिंग वाटतच नाही. रॉकेट म्हणजे इंजिनिअरिंग! पण रोजचा अंदाज उभा राहतो तो असल्याच कंटाळवाण्या आकड्यांवर.

गेल्या आठवड्यात लॅबमधल्या काकांना विचारून मी ते प्रॅक्टिकल पुन्हा केलं. उत्तर जर्नलपेक्षा बरंच वेगळं आलं. तीनदा केलं, तरी तसंच. मग खाली वाकून बघितलं, तर टेबलाच्या फळीखाली लोखंडी पट्टी!

काका म्हणाले, "दरवर्षी सगळ्यांचं उत्तर बरोबरच येतं गं. म्हणून कुणी टेबल हलवलंच नाही."