ओझे कोणाचे, पाठ कोणाची?

तिश्रीचे सण आटोपले, की आपल्या समाजाला भारतवारीचे वेध लागतात. अश्दोद असो, दिमोना असो, लोद असो की बीरशेबा, घरोघरी माळ्यावरच्या मोठ्या बॅगा खाली उतरतात. तिकीट हातात पडण्याआधीच बाजारहाट सुरू होतो. कॉफीचे डबे, चॉकलेटे, साबण, शाम्पू, मृत समुद्राची मलमे, नातवंडांना आखूड झालेले कपडे, काय काय म्हणून त्यांत कोंबले जाते! मग वजनकाटा येतो. एक बॅग २३ किलोंच्या वर गेली, की चार वस्तू काढून दुसरीत घालायच्या. दुसरी वर गेली, की अंगावर दोन स्वेटर चढवायचे आणि कोटाच्या खिशात साबण भरायचे. असे हे आपले प्रस्थान.

या प्रथेविरुद्ध आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत. ते कडू लागतील, पण आयुष्यभर परिचारिकेचे काम केलेल्या माणसाला कडू औषध पाजण्याची सवय असते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: ही प्रथा आता प्रेमाची राहिलेली नाही, मानपानाची झाली आहे. तिच्यापायी आपली पाठ जाते, आपला वेळ जातो, आणि ज्या कोकणासाठी आपण घर सोडतो ते कोकणच पाहायचे राहून जाते.

प्रथा पडली तेव्हा तिला कारण होते, हे आम्ही नाकारीत नाही. भारत आणि इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते जानेवारी १९९२ मध्ये. त्याआधी इथून तिकडे जाणे म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. आठदहा वर्षांनी एखादी फेरी घडायची. भारतात परदेशी मालाला दारे जवळजवळ बंद होती, त्यामुळे एका सुगंधी साबणाची वडीसुद्धा कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवली जाई. उलट इकडे ना पोहे मिळत, ना आमसुले, ना मनासारखा मसाला. तेव्हा जाताना बॅग भरून न्यावी आणि येताना भरून आणावी, यात शहाणपण होते.

पण १९९१ पासून भारताचा बाजार खुला होत गेला. आज तुम्ही जी कॉफी आणि जे चॉकलेट पाठ मोडून नेता, तसली पाच प्रकारची कॉफी आणि चॉकलेटे ठाण्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आणि इकडे आपल्या गावांतून भारतीय किराण्याची दुकाने झाली आहेत, तिथे पोहे, पापड, लोणचे, डाळी सारे मिळते. कारण गेले, प्रथा मात्र उरली. ताप उतरला तरी काढा चालूच ठेवायचा, असा हा प्रकार आहे.

आता आपल्या वारीचा मार्ग पाहा. ती एका गावाची कधीच नसते. मुंबईत उतरायचे, मांडवीला १७९६ साली बांधलेल्या शाआर हारहमीमचे दर्शन घ्यायचे, ठाण्याला नातलगांकडे दोन दिवस राहायचे. मग गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग. अलिबागहून नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांच्या स्मशानभूमीला जायचे, एलियाहू हन्नाबीच्या टप्प्यावर मलिदा करायचा, रेवदंड्याची मशीद पाहायची. परतताना पनवेल, मग पुणे. कोणी पुढे कोचीनपर्यंत जाऊन १५६८ सालचे परदेशी सिनेगॉगही पाहून येतात. मुक्कामाची ठिकाणे धरली तरी सहा सहज होतात.

वाचकहो, एक साधा हिशेब करू. प्रत्येक मुक्कामाला बॅग निदान चार वेळा उचलावी लागते: गाडीतून खाली, जिन्याने वर, निघताना जिन्याने खाली आणि पुन्हा गाडीत. सहा मुक्काम म्हणजे चोवीस वेळा. बॅगा दोन म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा. प्रत्येक वेळी २३ किलो. एकूण झाले ११०४ किलो! एका वारीत एक टनाहून अधिक वजन आपण उचलतो, किंवा आपल्यासाठी दुसरे कोणी तरी उचलते. यात विमानतळ धरलेलेच नाहीत.

बहुतेक विमान कंपन्या ३२ किलोंहून जड एक नग सामान म्हणून घेत नाहीत. का? तर सामान चढवणाऱ्या कामगाराच्या पाठीला इजा होऊ नये म्हणून. तो तरणाबांड, शिकवून तयार केलेला माणूस, आणि त्याच्या पाठीसाठी नियम आहे. आमच्या सत्तरीच्या मावशीच्या पाठीसाठी कोणता नियम आहे? कोणताच नाही. तो तिने आणि तिच्या घरच्यांनी करायचा.

हे आम्ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. पाळी संपल्यावर बायकांची हाडे विरळ होत जातात. अशा वेळी कमरेत वाकून, अंग पिळून जड वस्तू उचलली, तर पाठीचा मणका जागच्या जागी चेपला जाऊ शकतो. त्याला पडावे लागत नाही. पुष्कळदा बाईला वाटते की उसण भरली, आणि ती मलम चोळत बसते. वॉर्डात आम्हाला पहिला धडा मिळाला तो हाच: रोग्याला एकट्याने उचलायचे नाही, गुडघ्यांत वाकायचे, वजन अंगाशी धरायचे. रोग्याच्या बाबतीत जी शिस्त पाळायची, ती साबणाच्या वड्यांच्या बाबतीत का सोडावी?

कोणी म्हणेल, "उचलायला मुलगा आहे, जावई आहे." म्हणजे इस्राएलमध्ये जन्मलेल्या मुलाला आपण आजा-पणज्याचे गाव दाखवायला नेतो, आणि तिथे त्याच्याकडून हमाली करून घेतो. गेटवेला ओल्या दगडी पायऱ्यांवरून हलत्या बोटीत पाय टाकताना त्याच्या दोन्ही हातांत बॅगा असतात. मग आईचा हात कोणी धरायचा? मांडव्याला उतरल्यावर लांबलचक धक्का चालून बसपर्यंत जायचे, तेव्हा तो समुद्राकडे पाहील की चाकांकडे? नंतर आपणच तक्रार करतो की पोरांना कोकणाची ओढ नाही.

दुसरे म्हणतील, "आता अटल सेतू झाला, गाडी दारात नेते." खरे आहे. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून न्हावा-शेवापर्यंत समुद्रावरून रस्ता झाला आणि त्याआधी २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोटही सुरू झाली. सोयी झाल्या, छानच झाले. पण चार माणसांच्या आठ बॅगा कोणत्या गाडीत मावतात? मुंबईच्या टॅक्सीची डिकी उघडून पाहा, अर्धी जागा गॅसच्या टाकीने व्यापलेली असते. मग दोन गाड्या करायच्या, दोन ड्रायव्हर आणि दुप्पट भाडे. भाडे वाढले, की आधी काय कापले जाते? रेवदंडा कापला जातो. "पुढच्या खेपेला पाहू," असे म्हणतात. सत्तरीच्या माणसाची पुढची खेप कोणी पाहिली आहे?

आणि कोचीनला विमानाने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की भारतातल्या भारतात उडणारी विमाने साधारणपणे १५ किलो सामान आणि हातात ७ किलो एवढेच फुकट नेऊ देतात. तेल अवीवला चाललेली बॅग मुंबईला अडते. तिथे काउंटरपुढे बॅग उघडून, लोकांच्या देखत कपडे उपसत बसणे, ही काय शोभा आहे?

आता सर्वांत नाजूक विषय, दुसऱ्याच्या पुड्यांचा. आपण जाणार अशी बातमी फुटली, की फोन सुरू होतात. "एवढेसे पाकीट आहे, माझ्या बहिणीला द्या." "दोनच डबे आहेत हो." बेन गुरियन विमानतळावर सुरक्षेची मुलगी प्रत्येकाला विचारते: बॅग स्वतः भरली का? कोणी काही दिले आहे का? हा प्रश्न तिथे उगाच विचारत नाहीत. मग आपल्या म्हाताऱ्या बाईने काय उत्तर द्यावे? खरे सांगितले तर बॅग उघडली जाते, खोटे सांगितले तर जिवाशी आणि देशाशी खेळ होतो. दोन डब्यांसाठी कोणाला या पेचात टाकणे हा शेजारधर्म नव्हे. पाठवायचेच असेल तर टपाल आहे, पार्सल कंपन्या आहेत. ज्याची वस्तू, त्याने खर्च करावा. "नाही" म्हणायला आपल्या बायकांना संकोच वाटतो, म्हणून आम्ही सांगतो: या लेखावर ढकला आणि "नाही" म्हणा.

"पण रिकाम्या हाताने कसे जायचे?" हा मोठा प्रश्न! तर ऐका. ज्या घरी जाल तिथे तिथल्याच बाजारातून मिठाई न्या, फळे न्या. लहान मुलाच्या हातात पाकीट ठेवा. इकडचे काही न्यावेसेच वाटले तर मलिद्यासाठी आपल्या खजुराचे एक पाकीट न्या. पोहे, नारळ, साखर आणि बाकीची फळे अलिबागच्या बाजारात मिळतात. आणि साबण-शाम्पू पाहून यजमानाला आनंद होतो ही समजूत सोडा. ती माणसे शिकलेली, कमावती आहेत. आपला वापरलेला कपडा त्यांना नेऊन देणे यात उपकाराचा वास येतो. तो त्यांनाही येतो, फक्त ते बोलत नाहीत.

कोशेरच्या नावाखाली डबेच्या डबे नेणारेही आहेत. अहो, ज्या मातीत आपल्या आजीने शेकडो वर्षांची रीत सांभाळली, तिथे आपण उपाशी मरणार आहोत का? भात, आमटी, भाजी, घावन, खवल्यांचा मासा, नारळ, केळी. प्रवासात मांस तीन आठवडे खाल्ले नाही तर कोणाला काही होत नाही.

मग कोकणाला आपल्याकडून काय हवे आहे? १९४८ नंतर आपली माणसे घरेदारे सोडून इकडे आली आणि कोकणातल्या मशिदी ओस पडत गेल्या. अलिबागची मशीद १८४८ ची, रेवदंड्याची १८४२ ची, पनवेलची १८४९ ची. इमारती उभ्या आहेत, उणीव आहे ती माणसांची. तिथे दहा पुरुष जमवून मिन्यान करणे कठीण जाते. आपला एक जथा शुक्रवारी दुपारी वेळेवर पोहोचला, तर शब्बाथची प्रार्थना भरल्या मशिदीत होते, तेवा उजळतो, आणि तिथे मागे राहिलेल्या घरांना वाटते की आपण एकटे नाही. पण आपण पोहोचतो कधी? बॅगा बांधून, गाड्या भरून, वाटेत एक बॅग सुटली म्हणून थांबून, मेणबत्त्या लावायची वेळ टळून गेल्यावर. शब्बाथला ओझे वाहू नये अशी आज्ञा आहे, आणि आपण शब्बाथ वाटेवर चुकवतो तो ओझ्यापायीच!

म्हणून आमचा आग्रह एका नियमाचा आहे. एका माणसाची एक बॅग, आणि ती त्याला स्वतःला उचलून जिना चढता यावी. १० किलोंत सारे बसते. अंगावर एक जोड, बॅगेत दोन जोड, मशिदीसाठी एक चांगला. रात्री धुतले की सकाळी वाळेल असे पातळ कापड घ्यावे, इस्त्रीवाला गल्लोगल्ली आहे. डिसेंबरात पुण्याच्या संध्याकाळी थंड असतात, त्यासाठी एक शाल. पायात बूट, बॅगेत चपला. सिद्दूर, पुरुषांनी टालिथ आणि तफिल्लीन. बस्स.

औषधांचे मात्र वेगळे. ती या बॅगेत ठेवायचीच नाहीत. खांद्यावरून न उतरणाऱ्या लहान पिशवीत, साऱ्या प्रवासाला पुरतील एवढी आणि वर आठवड्याची जास्त, मूळ वेष्टनात ठेवावीत. इन्सुलिन सामानात कधीही देऊ नये, विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकते. कुपत होलिमच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यात औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपली अकामोल तिकडचा दुकानदार ओळखणार नाही, पॅरासिटामॉल म्हटले की लगेच देईल. विमान दुबईत बदलणार असेल तर आणखी जपावे, कारण कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामकांवर तिथे कडक निर्बंध आहेत.

या लेखावर नाके मुरडली जातील, हे आम्ही जाणतो. "हिला काय, हिचे तिकडे कोणी नसेल," असेही म्हटले जाईल. आमचे तिकडे पुष्कळ आहेत. त्यांनी आमच्या बॅगेचे वजन कधी विचारले नाही, किती दिवस राहणार एवढेच विचारले. या मोसमात जाणाऱ्या प्रत्येकाने बॅग बंद करण्यापूर्वी ती घेऊन आपल्याच घराचा जिना एकदा चढून पाहावा. दम लागला, तर वरची अर्धी बॅग रिकामी करावी आणि मार्गात एक गाव वाढवावे. एवढे सांगून लेखणी आवरती घेतो. सर्वांना सुखरूप प्रवास आणि शालोम.