टाके निघाले, पुढे काय?

आपट्याची एक मैत्रीण पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जायची. कंत्राटदाराकडून, रोजंदारीवर. गेल्या वर्षी उजव्या हाताची दोन बोटं यंत्राच्या पट्ट्यात सापडली. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, यथावकाश 'कामास योग्य' असा दाखला मिळाला. पहिल्याच दिवशी आठ तासांची पाळी. दुपारपर्यंत हात सुजला, खोकी निसटू लागली. चौथ्या दिवशी मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही घरीच बऱ्या."

घरी काय चाललं होतं? कागदावर 'विश्रांती' लिहिलेली होती. ती डाव्या हाताने भांडी घासत होती, बांधलेला हात वर धरून पाणी भरत होती. बाईच्या विश्रांतीचा अर्थ हाच! नको ते ओझं हातावर पडत होतं, आणि ज्या हालचाली व्हायला हव्या होत्या त्या कुणी शिकवल्याच नाहीत.

जखम भरणं वेगळं, कामाला लायक होणं वेगळं. हात काही आठवडे बांधलेला राहिला की स्नायू रोडावतात, सांधे आखडतात, दम कमी होतो. यंत्राची भीती तर एक्स-रेत दिसतही नाही. यावर उपाय आहे. आधी ताकद आणि लवचीकपणा परत आणायचा, मग प्रत्यक्ष कामाची तालीम. तेवढ्याच उंचीचं टेबल, तसंच खोकं, तीच चिकटपट्टी. आधी दोन किलो, मग पाच. आधी दोन तास, मग चार, मग पूर्ण पाळी. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या अखेरीस याला 'वर्क हार्डनिंग' हे नाव मिळालं. पण कामातून उपचार ही विद्या आपल्याकडे त्याआधीच आली होती, आणि ती एका बाईने आणली. कमला निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. विद्या आहे, ती शिकलेल्या मुलीही आहेत. पण आपट्याहून पनवेल, हार्बरने कुर्ला, तिथून परळ, हा प्रवास आठवड्यातून तीनदा मजुरी बुडवून कोण करणार?

कायदा मोजतो ते नुकसान. 1923 च्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के कमाईची क्षमता गेली असं धरलं होतं. बोटं तुटली नाहीत, नुसती आखडली, तर टक्के डॉक्टरांनी ठरवायचे, आणि मग वाद. भाकरी थापता येत नाही, हे तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. आम्ही संघटनावाल्याही यात दोषी आहोत. भरपाईचा चेक हातात पडला की आम्हीही फाईल मिटवतो.

मागायला हवं ते असं: औद्योगिक वसाहतीतच एक खोली, आठवड्यातून तीन दिवस एक व्यवसायोपचारतज्ज्ञ, त्या दिवसांची मजुरी, आणि परतताना सुरुवातीला अर्धी पाळी. कंत्राटी बायांनाही. मालक म्हणतात, हलकं काम आमच्याकडे नसतं. असतं. लेबलं लावणं, मोजणी, नोंदी. ते मुकादमाच्या मर्जीतल्यांना मिळतं, एवढंच.

ओळखीची एक व्यवसायोपचार शिकलेली मुलगी एका रविवारी आपट्याला येऊन आमच्या मैत्रिणीला व्यायाम दाखवून गेली. आता ती कणकेचा गोळा दाबते, तांदळाची पिशवी जमिनीवरून ओट्यावर ठेवते, आणि वजन वहीत लिहिते. वहीतला शेवटचा आकडा चार किलो आहे. कारखान्यातलं खोकं आठ किलोचं असतं.