अर्ध्यावर थांबलेला हात

रस्त्यावरून तिघं आपल्या दिशेने चालत येतात. दाढीवाला गोरा तरुण, त्याने हाताला धरलेली मैत्रीण आणि जवळून चाललेला एक आशियाई वंशाचा माणूस. तरुणाचा मोकळा हात चेहऱ्याकडे गेला आहे, मधलं बोट डोळ्याच्या कडेला टेकलं आहे. डोळा तिरका ओढून शेजारच्या माणसाच्या डोळ्यांची टवाळी करायची, एवढंच त्या बोटाचं काम. मैत्रीण भलतीकडे बघते आहे. ज्याची टवाळी चालली आहे त्याची नजर किंचित वळलेली आहे. त्याला कळलं असेल का? कळूनही तो गप्प राहिला असेल का?

कॅनडाचे छायाचित्रकार जेफ वॉल यांचं हे ‘मिमिक’, १९८२ सालचं. असा प्रसंग त्यांनी व्हँकुव्हरच्या रस्त्यावर खरोखर पाहिला होता. नंतर माणसं निवडून, जागा ठरवून त्यांनी तो पुन्हा उभा केला. चित्र सुमारे दोन मीटर उंच आहे आणि बसथांब्यावरच्या जाहिरातींप्रमाणे मागून दिवे लावून उजळलेलं आहे. समोर उभं राहिलं की ही माणसं जवळजवळ आपल्याच उंचीची दिसतात. आपणही त्याच फुटपाथवर असतो आणि आपणही काही बोलत नाही.

रचलेल्या फोटोचं सगळं बळ मला त्या बोटात दिसतं. ते इतकं सावध आहे की कुणी हटकलंच, तर ‘डोळा खाजवत होतो’ म्हणून सुटता येईल. हात आणखी थोडा वर गेला असता तर उघड शिवी झाली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. वॉल यांनी हात बरोबर अर्ध्यावर थांबवला. वर्णद्वेष बहुतेक वेळा असाच येतो, पुरावा न ठेवता, चालता चालता.

पुण्यातल्या गणेश मंडळांचे जिवंत देखावे आठवून पाहा. अफझलखानाचा प्रसंग असेल तर वाघनखं कुठे जाणार हे लहान मुलालाही माहीत असतं आणि उरलेलं ध्वनिक्षेपकावरचं निवेदन सांगतं. फोटोला यातलं काहीच मिळत नाही. नाव नाही, आवाज नाही, पुढचा क्षण नाही. आहे तो हात, नजर आणि दोन माणसांतलं अंतर. तेवढ्यावरच गोष्ट उभी करायची.

ती उभी राहते मांडणीमुळे. वॉल यांचंच १९९३चं, आता लंडनच्या टेट संग्रहात असलेलं वाऱ्याच्या झोताचं चित्र घ्या. जपानी चित्रकार होकुसाई यांच्या एका लाकडी ठशाच्या चित्रावरून ते रचलेलं आहे. सपाट शेतजमीन, वाकलेली झाडं, चार माणसं आणि एकाच्या हातून सुटून आभाळभर उधळलेले कागद. कागदांचा तो पट्टा आपला डोळा धरून वर नेतो. तिथे एक टोपी उडताना दिसते आणि मग कळतं की खालचा माणूस मान वर करून तिच्याकडेच बघतो आहे. होकुसाईंच्या चित्रात मागे फुजी पर्वत आहे, इथे तो नाही. वर्षभरापेक्षा जास्त काळ काढलेले शंभराहून अधिक फोटो संगणकावर जोडून हा एक क्षण बनवला आहे. वारा फोटोत दिसत नाही. तो माणसांच्या पाठींवरून आणि कागदांच्या दिशेवरून वाचावा लागतो.

यावर हमखास आक्षेप येतो की रचलेला फोटो म्हणजे खोटा फोटो. मला हा आक्षेप मान्य नाही. छायाचित्रकलेच्या अगदी पहाटे, १८४० साली, फ्रान्सच्या इपोलित बायार यांनी स्वतःचा ‘बुडून मेलेला माणूस’ असा फोटो काढला. मान कललेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर. कागदावर थेट चित्र उमटवण्याची रीत त्यांनी शोधली होती, पण सरकारी मान मिळाला तो प्रतिस्पर्धी शोधक दागेर यांना. फोटोच्या मागे त्यांनी लिहिलं की या प्रेताचा चेहरा आणि हात आता कुजू लागले आहेत. प्रत्यक्षात चेहरा आणि हात उन्हाने रापलेले होते, म्हणून फोटोत काळे उमटले. प्रेत खोटं होतं, अन्यायाची तक्रार खरी होती.

आपल्याकडे कलाकार पुष्पमाला एन. यांनी स्वतःलाच फोटोत रचण्याचं हे काम फार ताकदीने केलं आहे. १९९६ ते ९८ दरम्यान मुंबईत केलेल्या ‘फँटम लेडी’ या मालिकेत त्या स्वतः मुखवटाधारी नायिका झाल्या, ‘हंटरवाली’ चित्रपटातल्या नादियाच्या वळणाची. पुढे छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत त्यांनी राजा रविवर्म्याच्या नायिका आणि वसाहतकाळात माणसांची मापं घेण्यासाठी काढलेल्या फोटोंतल्या मुद्रा स्वतःच्या शरीरावर पुन्हा रचल्या. एकच बाई कधी लक्ष्मी होते, कधी मोजमापाचा नमुना. बाईने कसं उभं राहायचं हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं, हे त्यातून लख्ख दिसतं.

खोटेपणा दुसरीकडे आहे. आपल्या छायाचित्र स्पर्धांमध्ये म्हाताऱ्या शेतकऱ्याला कोरा फेटा बांधून, हातात कंदील देऊन बसवतात आणि तो फोटो ‘ग्रामीण जीवन’ म्हणून बक्षीस मिळवतो. रचना तिथेही आहे, फक्त ती लपवलेली आहे. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी रचलेल्या छायाचित्रांसाठी उघडपणे वेगळा विभाग ठेवावा. जे रचलं आहे त्याखाली तसं लिहावं आणि परीक्षकांनी त्यातला हात, नजर आणि अंतर कसून तपासावं. रचणं हा गुन्हा नाही. रचून ते ‘टिपलं’ म्हणून सांगणं हा आहे.