सात कोणाचा आणि बारा कोणाचा?

शेतकऱ्याच्या घरात नुसते काबाडकष्ट असतात, प्रेम वगैरे काही नसते, असा शहरातील पुष्कळ शहाण्या लोकांचा समज आहे. नवराबायको एकमेकांस नावाने हाक मारीत नाहीत, चारचौघांत हसून बोलत नाहीत, म्हणून येथील माया आटली असे हे लोक धरून चालतात. त्यांच्यासाठी आमच्या घरातीलच एक हकीकत सांगतो.

1972 चा दुष्काळ माणदेशात फार कडक होता. आमच्या आईच्या लग्नास तेव्हा वर्षही झाले नव्हते. दोघे सरकारी कामावर खडी फोडावयास जात. मजुरी मापावर; ढीग मापास उतरला नाही तर पैसे कमी. वडिलांचा ढीग आधी पुरा होई. मग ते मुकाट्याने आईच्या ढिगाशी जाऊन बसत आणि अंधार पडेपर्यंत हातोडा चालवीत. लोक 'बायकोचा गडी' म्हणून हसत. कामावर मिळालेली सुकडी आई अर्धी खाई व अर्धी पदरात बांधून आणी, कारण घरी धाकटा दीर होता. त्या सालात बैल गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, पण घर मोडले नाही. पुढे पाऊस पडल्यावर त्याच दोघांनी चार वर्षे उन्हाळ्यात खपून विहीर खणली. आमचे शिक्षण त्या विहिरीच्या पाण्यावर झाले.

आता आमची चूक सांगतो. त्या जमिनीचा उतारा आम्ही वीस वर्षे वाचीत आलो. कधी सोसायटीच्या कर्जासाठी, कधी पीकविम्यासाठी. वडिलांस वाचून दाखवायचा, आई जवळ बसून ऐकायची. त्यात तिचे नाव नाही ही गोष्ट आमच्या ध्यानात कधी आलीच नाही. आणि आम्ही मास्तर!

उताऱ्यातला सात म्हणजे गाव नमुना सात. त्यात जमीन कोणाची ते लिहितात. बारा म्हणजे गाव नमुना बारा. त्यात कोणते पीक, किती क्षेत्रात, पाणी कशाचे, ते लिहितात. खुरपणारी, वेचणारी, रात्रीबेरात्री पाणी धरणारी बाई आपले सगळे आयुष्य बाराच्या रकान्यांत घालते. साताच्या रकान्यात मात्र तिला जागा नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत देशभरातील शेतीच्या खातेदारांत बायका शंभरात सुमारे 14 निघाल्या. शेतात कोण राबते हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

1956 च्या वारसा कायद्याने विधवेस मुलांबरोबर वाटा दिला. मुलींस वडिलार्जित जमिनीत मुलासारखा हक्क आपल्या राज्यात 1994 साली आणि सबंध देशात 2005 साली मिळाला. (तो हक्क आपण भाऊ लोक एका लुगड्यावर सोडवून घेतो, हा निराळा विषय आहे, त्यावर पुन्हा लिहू.) पण बायकोचे काय? नवरा जिवंत आहे तोवर ती बिनपगारी मजूर, आणि तो मेला म्हणजे वारस! तिचा हक्क उघडण्यासाठी घरात मढे पडावे लागते. शेतकऱ्याने फास घेतलेल्या घरी जाऊन पाहा. तेराव्याच्या आत तिला तलाठी, बँक, तहसील ही सगळी दारे एकदम पाहावी लागतात, आणि भावकी अंगठा घ्यावयास ओसरीवर बसलेली असते.

ह्याचा विचार कोणीच केला नाही असे नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवड येथे शेतकरी बायांचे मोठे अधिवेशन भरविले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्याने आपखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, एवढीच ती हाक होती. अनेक गावांनी ती ऐकली. 1992 साली सरकारनेही ह्या नावाने हुकूम काढला. नवऱ्याने अर्ज करावा, तलाठ्याने फेरफार धरावा, बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागावे. ह्यास वकील लागत नाही.

तरी अर्ज होत नाहीत. कारण विचारा, तर 'नाव लावले की जमीन माहेरी जाईल.' अहो, तिची मुले ती तुमचीच ना? तिच्या मागे जमीन त्यांच्याकडेच येते. गावातील ज्या जमिनी गेल्या त्या कशापायी गेल्या ते आठवून पाहा. लग्नाचा बडेजाव, दारू, भावाभावांतील कोर्टकज्जे! त्या खरेदीखतांवर अंगठा कोणाचा आहे? एकाच अंगठ्यावर विकले जाणारे रान सावकारास फार आवडते. दोन नावे असली म्हणजे त्यास दोघांस गाठावे लागते, आणि त्यातली एक चुलीपाशी बसून मुलांची तोंडे मोजीत असते.

सुतार, कुंभार, कोष्टी बंधूंनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. माती मळणारी, कांड्या भरणारी बाई तुमच्याही घरात आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठात घर दोघांच्या नावे लागते.

1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी लिहिण्याचा सरकारचा नियम झाला आहे. ही मुले लवकरच आमच्या शाळेच्या पटावर येतील, आणि आम्ही मास्तर लोक त्यांच्या आयांची नावे रोज हजेरीला मोठ्याने वाचू.

आमच्या वडिलांनी गेल्या उन्हाळ्यात अर्ज केला. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, काठी टेकीत स्वतः चावडीवर गेला. आम्हास बरोबर येऊ दिले नाही. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा त्यांनी आईच्या हातात दिला, आणि लगेच गुरांना पाणी दाखवावयास निघून गेले. आईस वाचता येत नाही. तिने कागद आमच्यापुढे धरून विचारले, "माझं नाव ऱ्हाऊ दे बाबा, ह्यात हीर कुठं लिवलीय ते दाव." आम्ही बाराव्या नमुन्यातील तो शब्द दाखविला. तिने त्यावर बोट ठेविले, आणि बराच वेळ काढले नाही.